हॉलमार्कमधला 'हॉल' कुठला? लंडनच्या सोनारांच्या गिल्डविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलमार्क या शब्दातला 'हॉल' म्हणजे काय?

ती एक खरीखुरी इमारत आहे. लंडनच्या जुन्या शहरात फॉस्टर लेन नावाची गल्ली आहे आणि तिथे गोल्डस्मिथ्स हॉल उभा आहे. सोनं-चांदी घडवणाऱ्यांच्या गिल्डकडे ही जागा १३३९ पासून आहे. आजची इमारत त्या जागेवरची तिसरी, फिलिप हार्डविक यांनी बांधलेली आणि १८३५ साली खुली झालेली. १४७८ पासून लंडनमधल्या कारागिरांना आपला माल तपासायला या हॉलवर न्यावा लागू लागला. कसाला उतरला तर तिथेच त्यावर शिक्का बसायचा. हॉलवर बसलेला मार्क, म्हणून हॉलमार्क. आज लक्ष्मी रोडवरच्या किंवा जळगावच्या पेढीवर आपण सहज उच्चारतो तो शब्द या गल्लीतून आलेला आहे.

गिल्ड म्हणजे सोनारांची संघटना, एवढंच ना?

संघटनेपेक्षा बरंच जास्त. कुणाला धंदा करता येईल, शिकाऊ किती वर्षं राबेल, माल कोणत्या कसाचा हवा, हिणकस माल सापडला तर काय शिक्षा, हे सगळं गिल्ड ठरवत असे. विधवा आणि म्हातारे कारागीर यांना आधार देणं हेही तिचंच काम.

लंडनच्या सोनारांची पहिली लेखी खूण गमतीची आहे: ११८० साली राजाच्या परवानगीवाचून गिल्ड चालवल्याबद्दल त्यांना दंड झाला. म्हणजे गिल्ड त्याआधीपासून होती. १२३८ साली तिसऱ्या हेन्रीने सहा विश्वासू सोनार निवडून त्यांना बाकीच्यांवर देखरेख करायला सांगितलं. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डचा कायदा आला आणि १३२७ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सनद दिली. तिचं आजचं नाव 'वर्शिपफुल कंपनी ऑफ गोल्डस्मिथ्स'. इथे 'कंपनी' म्हणजे गिल्डच, शेअर बाजारातली कंपनी नव्हे. लंडनच्या बारा थोर गिल्डांच्या मानक्रमात ती पाचवी.

राजाला सोनारांच्या कामात एवढा रस का होता?

कारण नाणं आणि भांडं एकाच धातूचं होतं. चांदीचं नाणं वितळवून पेला करता येई आणि पेला वितळवून नाणं पाडता येई. पेल्याचा कस नाण्यापेक्षा हलका असला तर गिऱ्हाईक फसतं. नाण्याइतकाच असला तर नाणी मुशीत जातात. इंग्लंडमधल्या हॉलमार्कच्या इतिहासातली बरीच वळणं या एका पेचातून आलेली आहेत.

ठसे एकदम ठरले की हळूहळू?

हळूहळू. प्रत्येक ठशामागे एखादी पळवाट बुजवण्याची गरज दिसते.

१३०० चा ठसा म्हणजे बिबट्याचं डोकं. म्हणायचं बिबट्या, पण जुन्या शस्त्रचिन्हांच्या भाषेत तो समोर तोंड केलेला सिंह आहे. या कायद्याप्रमाणे गिल्डचे रक्षक दुकानोदुकानी फिरून माल तपासत आणि कस बरोबर असेल तरच ठसा मारत.

पण ठसा मारलेला डाग, म्हणजे दागिना किंवा भांडं, पुढे हिणकस निघाला तर तो घडवला कुणी? म्हणून १३६३ मध्ये कारागिराचा स्वतःचा ठसा सक्तीचा झाला. अक्षरओळख फार थोड्यांना असल्याने सुरुवातीला मासा, तारा, किल्ली अशी चित्रं असत.

तरी एक प्रश्न उरलाच: कारागिराने लबाडी केली हे खरं, पण तपासणाऱ्याने ती पास कशी केली? १४७८ मध्ये हॉलवर पगारी तपासनीस नेमला गेला आणि दरवर्षी बदलणारं 'वर्षाचं अक्षर' ठशांत सुरू झालं. पुष्कळांना वाटतं की हे अक्षर वस्तूचं वय कळावं म्हणून आहे. तसं नाही. त्या वर्षी तपासणीच्या टेबलाशी कोण बसला होता ते शोधता यावं, म्हणून ते अक्षर. जुन्या चांदीच्या व्यापाऱ्यांना पुढे त्याचा भलताच उपयोग झाला, पण मूळ हेतू जबाबदारी निश्चित करण्याचा होता. आमच्या मते सबंध पद्धतीचं मर्म इथे आहे: ठसा म्हणजे कुणीतरी आपलं नाव पणाला लावलेलं असणं.

१५४४ मध्ये चालता सिंह आला. आठव्या हेन्रीने त्या काळात नाण्यांतली चांदी भरमसाठ घटवली होती, पण सोनारांच्या मालाचा कस मात्र पूर्वीचाच राहिला. हा सिंह स्टर्लिंग चांदीची खूण म्हणून इंग्लंडमध्ये आजही वापरात आहे.

स्टर्लिंग म्हणजे ९२५ च का? ९०० किंवा ९५० का नाही?

हा आकडा दशमान पद्धतीच्या आधीचा आहे. बारा ट्रॉय औंसांच्या (ट्रॉय हे सोनं-चांदी तोलण्याचं इंग्रजी माप) पौंडात अकरा औंस दोन पेनीवेट शुद्ध चांदी, बाकी तांबं. एका औंसात वीस पेनीवेट. म्हणजे २४० पैकी २२२ भाग, हजारी हिशेबात ९२५. शुद्ध चांदी फार मऊ. तिचा चमचा हातात वाकतो. साडेसात टक्के तांब्याने ती कणखर होते आणि रंगही फारसा बदलत नाही.

१६९७ मध्ये मात्र नाणी कातरून आणि वितळवून भांडी करण्याचा सुळसुळाट झाल्यामुळे सरकारने भांड्यांचा कस नाण्यापेक्षा वर नेला: ९५८.४. सिंह आणि बिबट्या काढून त्यांच्या जागी ब्रिटानियाची, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीची, बसलेली आकृती आणि सिंहाचं तुटकं डोकं आलं. धातू जास्त मऊ, त्यामुळे रोजच्या वापरात झिजतो, अशी कारागिरांची तक्रार होती. १७२० मध्ये स्टर्लिंग परत आलं. ब्रिटानिया ऐच्छिक म्हणून राहिलं ते आजतागायत.

आपल्या तोळ्याचंही या मापांशी नातं आहे. ब्रिटिश काळात ठरलेला तोळा १८० ग्रेनचा, ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा. म्हणजे तोळा हा औंसाचा बरोबर तीन-अष्टमांश, ११.६६ ग्रॅम. आज पेढीवर तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, तो व्यवहारातला सोयीचा आकडा.

सोन्याचा टंच नेमका कसा काढतात?

भट्टीतल्या तपासणीची मूळ रीत शतकानुशतकं तीच आहे. आज तराजू मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, पण क्रम बदललेला नाही.

आधी डागाच्या निरनिराळ्या भागांतून खरवडून नमुना घ्यायचा, साधारण पाव ग्रॅम. तो अचूक तोलायचा. त्यात जेवढं सोनं असेल असा अंदाज आहे, त्याच्या अडीच ते तीन पट शुद्ध चांदी मिसळायची. हे सगळं काही ग्रॅम शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पुडी करायची.

ही पुडी क्युपेल नावाच्या सच्छिद्र वाटीत ठेवून हजार-अकराशे अंश सेल्सियसच्या भट्टीत सरकवायची. पूर्वी ही वाटी हाडांच्या राखेची असे, आता बहुधा मॅग्नेशियाची. हवेतल्या प्राणवायूने शिशाचं भस्म होतं, ते वितळून तांब्यासारखे हलके धातू सोबत घेतं आणि वाटीच्या भिंतीत मुरतं. सोनं आणि चांदी मुरत नाहीत. शेवटचं शिसं जाताच मण्याचा पृष्ठभाग एकाएकी लखकन चमकतो. अनुभवी तपासनीस त्या चमकेची वाट पाहत असतो.

मणी गार झाला की ठोकून चपटा करायचा, तापवून मऊ करायचा, रुळातून कागदासारखा पातळ पत्रा काढायचा आणि त्याची सैल गुंडाळी करायची. ती नायट्रिक आम्लात उकळायची, आधी सौम्य, मग तीव्र. चांदी विरघळते आणि तपकिरी, ठिसूळ सोनं त्याच गुंडाळीच्या आकारात मागे राहतं. धुऊन, तापवून पुन्हा पिवळं झालं की तोलायचं. शेवटचं वजन भागिले सुरुवातीचं वजन, झाला टंच.

यात चुका कुठे होतात?

चांदी कमी पडली तर आम्ल आतपर्यंत पोचत नाही, थोडी चांदी सोन्यात अडकून राहते आणि टंच खोटाच वर दिसतो. चांदी फार झाली तर उकळताना गुंडाळीचा भुगा होतो, कण वाहून जातात आणि टंच खाली येतो. भट्टी थंड असली तर शिसं मध्येच गोठतं; जास्त तापली तर चांदीबरोबर सोन्याचाही अंश वाटीत जातो. मणी झपकन गार केला तर वितळलेल्या चांदीने ओढून घेतलेला प्राणवायू बाहेर फुटतो आणि कण उडतात. आम्लात मिठाचा अंश असला तर चांदीचं क्लोराइड साचतं.

म्हणून प्रत्येक खेपेला शुद्ध सोन्याचा माहीत असलेला नमुना शेजारच्या वाटीत चालवतात. त्याच्यात जितकी घट-वाढ दिसेल तितकी दुरुस्ती बाकीच्यांना लावायची. ही सोबतीची वाटी नसेल तर पुढचे आकडे कितीही बारीक असले तरी त्यांवर भरवसा ठेवू नये.

आपल्याकडचा कसोटीचा दगड आणि आजचं मशीन, यांनी भागत नाही का?

कस, हिणकस, कसोटीला उतरणं, बावनकशी: आपली भाषाच या दगडावर घासलेली आहे. लंडनच्या गिल्डनेही सुरुवातीला दगडच वापरला. डागाची रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सुईची रेघ, मग आम्ल लावून दोन्ही रेघा कशा फिकटतात ते पाहायचं. पण सराईत हातालाही हजारात दहा-पंधरा भागांचा फरक निसटतो. भट्टीची तपासणी हजारात अर्ध्या भागापर्यंत जाते.

क्ष-किरण मशीन मिनिटाभरात उत्तर देतं आणि डाग खरवडावा लागत नाही, हा मोठाच फायदा. पण ते काही मायक्रॉन खोलीचंच पाहतं. वर जाड मुलामा असेल किंवा आम्लात उजळताना पृष्ठभागावरचं तांबं गेलं असेल, तर मशीन बाहेरचं सोनं मोजून मोकळं होतं. दगडाने निवड, मशीनने चाचणी, शंका आली की भट्टी, असा क्रम शहाणपणाचा.

कारागीर फसवणूक कशी करत?

सर्वांत जुनी युक्ती डाखाची. पत्रा बरोबर कसाचा, पण जोड देताना हलक्या धातूचा डाख भरपूर ओतायचा. म्हणून नमुना फक्त पत्र्यातून न घेता जोडाजवळूनही घेतात.

दुसरी युक्ती कराची. १७२० पासून चांदीच्या भांड्यांवर औंसाला सहा पेन्स कर बसला, तोही हॉलमार्क करतानाच. मग काही कारागीर एखादी हलकी वस्तू कर भरून ठसवून घेत, तिच्यावरचे ठसे कापून जड भांड्याच्या बुडाला डाखून बसवत. पॉल दे लामेरी हा त्या शतकातला अव्वल चांदीकार, गिल्डच्या कारभारातही मानाच्या जागी, पण त्याच्याही नावावर हा उद्योग लागलेला आहे. आज असं भांडं ओळखायचं तर ठशांच्या भोवती तोंडाची वाफ सोडा. जोडाची रेघ वेगळी उमटते.

शिक्षा काय होती?

हिणकस माल वॉर्डन, म्हणजे गिल्डचे रक्षक, तिथल्या तिथे मोडून टाकत आणि दंड घेत. गुन्हा मोठा असेल तर भर बाजारात लाकडी खोड्यात मान अडकवून उभं करत. ठसे नकली करणं १७५८ च्या सुमारास देहदंडाचा गुन्हा ठरला. १७७३ मध्ये त्याऐवजी चौदा वर्षं हद्दपारी आली.

शिकाऊ ते उस्ताद हा प्रवास कसा असे?

साधारण सात वर्षांचा. करारनामा एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधून नागमोडी कापत. एक तुकडा उस्तादाकडे, एक मुलाकडे. वाद झाला तर दोन तुकड्यांचे दात जुळवून पाहायचे. मुलाने जुगार खेळायचा नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, मुदत संपेपर्यंत लग्न करायचं नाही. उस्तादाने खाणंपिणं, कपडे आणि विद्या द्यायची. गिल्डच्या दप्तरात १३३४ पासूनच्या नोंदी आहेत.

मुदत संपली की मुलाला हॉलवर उभं करून 'फ्रीमन' करत. मगच स्वतःचं दुकान, स्वतःचा ठसा. फ्रीमन होण्याच्या आणखी दोन वाटा होत्या: वडील सभासद असतील तर वारशाने, किंवा पैसे भरून. फ्रीमनच्या वर लिव्हरीमन, त्यांच्या वर कारभारी मंडळ आणि चार वॉर्डन. बहुतेक गिल्डांच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात, इथे 'प्राइम वॉर्डन'.

स्त्रियांना जागा होती का?

होती, बहुधा नवऱ्यामागे दुकान चालवणारी विधवा म्हणून. हेस्टर बेटमनने १७६१ मध्ये स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला आणि तिच्या घराण्याच्या कारखान्यातली चांदी आजही संग्राहक शोधत असतात.

गिल्डचा कुणी देव, कुणी सण?

संत डन्स्टन, दहाव्या शतकातला धर्मगुरू, जो स्वतः धातूकाम करत असे अशी परंपरा आहे. त्याचा सण १९ मे. वर्षाचं अक्षर बराच काळ त्याच दिवशी बदले. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतल्यावर त्याच्या वाढदिवशी, २९ मेला, बदलू लागलं. त्यामुळे लंडनच्या जुन्या चांदीवरचं एक अक्षर दोन इंग्रजी वर्षांवर पसरतं, जसं आपलं शालिवाहन शकाचं वर्ष पसरतं.

'ट्रायल ऑफ द पिक्स' काय प्रकार आहे?

सरकारी टाकसाळीच्या नाण्यांची जाहीर परीक्षा. पिक्स म्हणजे पेटी. वर्षभरात पाडलेल्या नाण्यांतून काही बाजूला काढून पेटीत ठेवतात आणि सोनारांची ज्युरी ती मोजते, तोलते, तपासते. ही रीत तेराव्या शतकापासून चालू आहे आणि १८७१ पासून ती गोल्डस्मिथ्स हॉलमध्येच भरते.

१७१० मध्ये टाकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. त्याची सोन्याची नाणी ज्युरीने हलकी ठरवली. न्यूटनने खोदून काढलं की दोष नाण्यांत नाही. तुलनेसाठी १७०७ मध्ये बनवलेली प्रमाण-पट्टीच ठरलेल्या कसापेक्षा जास्त शुद्ध आहे. मापच चुकलं तर बरोबर माल खोटा ठरतो. क्युपेलच्या शेजारची ती सोबतीची वाटी इथे पुन्हा आठवावी.

सोनार सावकार कसे झाले?

१६४० मध्ये पहिल्या चार्ल्सने लंडनच्या टॉवर किल्ल्यातल्या टाकसाळीत व्यापाऱ्यांनी ठेवलेलं सोनं-चांदी अडकवलं. मग व्यापारी आपली रक्कम सोनारांच्या तिजोऱ्यांत ठेवू लागले, सोनार पावती देऊ लागले आणि पावत्याच हातोहात फिरू लागल्या. इंग्लंडच्या बँकिंगची एक मोठी मुळी ही.

आपल्याकडे अशा गिल्ड नव्हत्या?

होत्या, कितीतरी आधी. त्यांना श्रेणी म्हणत. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखात काशाचं काम करणाऱ्या कासाकारांच्या श्रेणीकडे धर्मादाय ठेव ठेवल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातल्या लेखाप्रमाणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण नाणी ठेवली: २००० वर महिना शेकडा एक आणि १००० वर महिना शेकडा पाऊण व्याज. ही साधारण दुसऱ्या शतकातली गोष्ट. म्हणजे कारागिरांच्या संघाकडे पैसा ठेवणं इथे लंडनच्या सोनारांपेक्षा दीड हजार वर्षं जुनं आहे.

भारतातला हॉलमार्क आणि लंडनचा, फरक काय?

लंडनमध्ये तपासणी कार्यालय गिल्डचंच आहे; ब्रिटनमधली बाकीची तीन बर्मिंगहॅम, शेफील्ड आणि एडिंबरा इथे. भारतात भारतीय मानक ब्युरो (बीआयएस) परवाना देतं आणि मान्यताप्राप्त केंद्रं तपासणी करतात. सोन्यासाठी ही योजना २००० मध्ये ऐच्छिक म्हणून सुरू झाली, १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या डागांना सूट आहे. डागावर तीन खुणा पाहा: ब्युरोचा त्रिकोण, '२२के९१६' सारखा कस आणि एचयूआयडी. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की सराफ, केंद्र आणि डागाचा प्रकार दिसतो. ॲप 'अंगठी' म्हणत असेल आणि हातात मंगळसूत्राच्या वाट्या असतील, तर तिथेच थांबा.

१४७८ च्या वर्षाक्षराचं काम आज हा क्रमांक करतो, तेही एकेका डागापुरतं. मात्र हॉलमार्क कसाची हमी देतो. घडणावळ किती लावली, खड्यांचं वजन सोन्यात धरलं का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. ते बिलावर वेगळं लिहून घ्यावं लागतं.

ब्रिटनमध्ये राहतो. आईने दिलेले दागिने तिथे विकता येतील का?

स्वतः वापरायला काहीच अडचण नाही. पण धंदा म्हणून 'सोनं' या नावाने विकायचं तर एक ग्रॅमवरच्या डागाला ब्रिटनमध्ये मान्य असलेला हॉलमार्क लागतो. चांदीला ही मर्यादा ७.७८ ग्रॅम. भारतातला ठसा तिथे त्या कामी चालत नाही. तिथली किमान पायरी ३७५ म्हणजे नऊ कॅरेट, त्यामुळे आपलं ९१६ सहज बसतं. अडतो तो डाख. डाख फार हलका असेल तर सबंध डाग खालच्या कसाचा ठरू शकतो. लाख भरलेले पोकळ डाग देताना तसं आधी सांगा, कारण लाख वजनात येते आणि उष्णतेने फुगते. ठसा ठोकायच्या पंचाने धातू दबतो, म्हणून नाजूक डागांवर लेसरचा ठसा मागावा.

घरात जुना इंग्रजी चमचा सापडला. चांदीचा आहे का, कसं ओळखू?

भिंग घ्या आणि दांड्याची मागची बाजू पाहा. चालता सिंह दिसला तर इंग्लंडमधली स्टर्लिंग चांदी. शहर पाहा: बिबट्याचं डोकं लंडन, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅम, मुकुट शेफील्ड (१९७५ पासून गुलाब). लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर वस्तू बहुधा १८२१ किंवा त्याआधीची. राजा-राणीचं डोकं असेल तर १७८४ ते १८९० मधली, कारण ती कर भरल्याची खूण. मग अक्षर, आणि त्याहून महत्त्वाचा अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकार. लंडनची वीस-वीस अक्षरांची चक्रं फिरत राहिली, त्यामुळे एकच अक्षर अनेकदा येतं आणि लिपीची ढब व चौकट यांनीच चक्र ठरतं. कारागिराची आद्याक्षरं शेवटी. १६९७ पूर्वीची नावं बहुधा सापडत नाहीत, त्या काळची नोंदवहीच उरलेली नाही.

'ई पी एन एस' ही चार अक्षरं दिसली तर तो निकेल-पितळेवर चांदीचा मुलामा. चौकटीत बसवलेल्या त्या अक्षरांना पुष्कळजण हॉलमार्क समजतात. ब्रिटिश अमलात कलकत्ता-मद्रासच्या पेढ्यांनी घडवलेल्या चांदीवर हत्तीसारख्या खुणा आढळतात. तिथे सक्तीचं तपासणी कार्यालय नव्हतं, त्यामुळे त्या खुणा पेढीच्या स्वतःच्या. कस हवा असेल तर टंच काढावाच लागेल. आणि काहीही करा, पण ठशांवर पॉलिश चोळू नका. एकदा झिजलेला ठसा परत आणता येत नाही.